लाल दोऱ्याच्या बाटल्या

डॉक्टर टिपणीसबाई येणार म्हणून जनीने वालाचं बिरडं केलं होतं, आणि जनीने केलं म्हणून धोंडूबाईनेही केलं होतं. एकाच घराच्या दोन चुलींवर एकच भाजी शिजत होती आणि दोघी जावा एकमेकींच्या फोडणीचा वास आलाच नाही अशा चेहऱ्याने वावरत होत्या. गौराबाई सकाळच्या एसटीने कळंबहून माहेरी पोशीरला आली होती. तिने दोन्ही चुलींशी बसून चव घेतली आणि दोन्हीकडे "मीठ बरूबर हाय" म्हणून सांगितलं. माहेरवाशिणीला एवढं राजकारण यावंच लागतं.

ओटी एकच, पण तिच्या मधोमध कंबरभर उंचीची विटांची भिंत होती. अलीकडे गौराबाईचा थोरला भाऊ भिवाजी आणि त्याची जनी, पलीकडे धाकटा धाऊ आणि त्याची धोंडूबाई. भिंतीला आता बारा वर्षं झाली होती. एवढ्या वर्षांत दोघे भाऊ एकमेकांशी जे काही बोलले ते सगळं एका पोस्टकार्डावर मावलं असतं आणि वर पत्ता लिहायलाही जागा उरली असती.

तरीही गेले वीस दिवस रोज संध्याकाळी पाच वाजता दोघेही भिंतीला खेटून बसत होते. नेरळहून शब्बीर कंपाउंडर सायकलवर यायचा, बर्फाच्या थर्मासमधून दोन इवल्याशा बाटल्या काढायचा आणि भिंतीवरच इंजेक्शनचं सामान मांडायचा. अलीकडून भिवाजीचा दंड पुढे यायचा, पलीकडून धाऊचा. कोणीच भिंत ओलांडायची नाही. "काकी, मी आता या भिंतीचाच भाऊ झालो," असं शब्बीर म्हणायचा.

दुखणं घराण्यातलंच होतं. गौराबाईचा बाप साठीनंतर कधी धड झोपला नाही, आणि झोप गेली तशी त्याची आठवणही गेली. भिवाजीचं तेच झालं. तीन वर्षं डोळ्याला डोळा नाही, आणि गेल्या माघात स्वतःच्या शेतावरून त्याला घरची वाट सापडेना. चाळीस वर्षं नांगरलेल्या बांधावर तो दुपारभर बसून राहिला. जैतू कातकऱ्याने हाताला धरून घरी आणला, तेव्हा त्याने जनीला "आये" अशी हाक मारली. जनी घरात जाऊन रडली. त्या दिवशी भिंतीपलीकडे धाऊही जेवला नाही. त्याचीही झोप दोन वर्षांपासून उडाली होती. पुढे आपलं काय होणार ते त्याला रोज भिंतीवरून दिसत होतं.

टिपणीसबाई मुंबईच्या एका इस्पितळातल्या डॉक्टर. कर्जतला शिबिर होतं तिथे गौराबाई दोघांना घेऊन गेली होती, एकाला पुढच्या बाकावर आणि एकाला मागच्या. बाईंनी नीट समजावून सांगितलं होतं. परदेशात सशाच्या रक्तातून झोपेचं एक द्रव्य सापडलंय, पेप्टाइड म्हणतात त्याला. नऊ मण्यांची माळ असावी तसं ते असतं. त्याने झोप गाढ लागते का, आणि झोप लागली तर मेंदू सावरतो का, हेच अजून बघायचंय. "हे ठरलेलं औषध नाही, प्रयोग आहे," हे त्यांनी तीनदा सांगितलं. आणि मग सांगितलं की खोकी जोडीजोडीने भरलेली आहेत. जोडीतल्या एका खोक्यात औषध, दुसऱ्यात नुसतं मिठाचं पाणी.

"म्हंजे एका भावाला औषध आन एकाला पानी?" गौराबाईने विचारलं होतं.

"हो."

"कोनाला काय, ते तुमाला म्हाईत असंल ना?"

"मलासुद्धा नाही. माहीत असलं की माणसाचे डोळे हवं तेच बघतात, मावशी."

भिवाजीला आठ नंबरचं खोकं मिळालं, धाऊला सात नंबरचं. दोघांनी सह्या केल्या. गौराबाईच्या मनात मात्र तिथेच काटा रुतला.

त्याचं कारण भिंतीइतकंच जुनं होतं. या घराचा एक नियम होता, बापाने घालून दिलेला. फणस असो, नदीची मासळी असो की शिकारीचं मटण, वाटे गौराने घालायचे आणि आधी धाकट्याने उचलायचं. थोरल्याने त्यानंतर. वाटे घालणारीला शेवटी जे राहील ते. त्यामुळे गौराचे वाटे कधी काट्याइतकेही इकडेतिकडे होत नसत. बाप गेल्यावर घरजागेच्या वाटणीलाही पंचांनी तिलाच बोलावलं. तिने दोन वाटे घातले, एकीकडे विहीर आणि एकीकडे मोठी खळ्याची जागा. पण त्या दिवशी धाऊ कर्जतला कचेरीत उताऱ्याच्या कामाला गेला होता आणि त्याची गाडी चुकली. पंच खोळंबले, ऊन चढलं. भिवाजीने दोनदा विचारलं, "धाऊ आला का?" शेवटी गौराबाईच म्हणाली, "उचल दादा, किती येळ मान्सं बसवून ठेवायची?" भिवाजीने विहीर उचलली. धाऊ आला तेव्हा वाटा उचलून झाला होता, आणि त्या संध्याकाळीच त्याने विटा मागवल्या. भिवाजीने दोनदा विचारलं होतं, हे गौराबाईने धाऊला कधी सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे चूक आपली हेही सांगायला हवं, आणि तेवढं धैर्य तिला बारा वर्षांत झालं नव्हतं.

तीच गौराबाई आता एका भावाला औषध आणि एकाला पाणी असं होऊ देणार होती होय?

खोकी नेरळला बद्रुद्दीनच्या घरी होती. त्याचं सरबताचं दुकान, म्हणून घरात फ्रीज, आणि शब्बीर त्याचाच पुतण्या. बद्रुद्दीनची बायको सफुरा गौराबाईची जुनी मैत्रीण. खोकी आली त्याच दिवशी गौराबाई सफुराच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली. नंबर खोक्यांवर होते, बाटल्या मात्र सगळ्या एकसारख्या, ओळीत वीस आणि वीस. तिने एका आड एक बाटली उचलून या खोक्यातली त्यात आणि त्यातली यात घातली. आपलीच मोजणी चुकू नये म्हणून हलवलेल्या प्रत्येक बाटलीच्या गळ्याला तिने सफुराच्या शिवणाच्या डब्यातला लाल दोरा बांधला.

"गौरा, डॉक्टरीणबाईला इचार तरी गं," सफुरा म्हणाली होती.

"इचारलं तर नाय म्हनंल ना!"

 सफुराने चहा ठेवला.

*

टिपणीसबाई साडेचारला जीपने आल्या. बरोबर शब्बीर होता, मांडीवर दोन्ही खोकी घेऊन, कारण रिकाम्या बाटल्याही मोजून परत द्यायच्या होत्या. बाईंना कुठे बसवायचं यावरून जावांमध्ये क्षणभर नजरेची झटापट झाली. गौराबाईने खुर्ची बरोबर भिंतीच्या टोकाशी, अंगणात मांडली.

बाईंनी आधी दोघांची कार्डं मागितली. रोज सकाळी बायकांनी त्यावर खूण करायची होती. झोप लागली तर गोल, थोडी लागली तर अर्धा गोल, नाही लागली तर फुली.

"माझ्या मान्साला सात गोल," जनी म्हणाली. "बाय, तीन वर्सांत सात दिस झोपला नव्हता वो हा. परवा तर घोरला! आन काल सोताच्या पायांनी शेतावर जाऊन आला."

"आमच्याकं बी सातच हायेत," धोंडूबाईने लगेच जोडलं. "पन आमच्या सातांत एक गोल मोठा हाय."

टिपणीसबाई हसल्या. पण कार्डं बघता बघता त्यांचा चेहरा गंभीर झाला, आणि मग उजळला. "ऐका," त्या म्हणाल्या. "पुढच्या टप्प्यात पाण्याचं खोकं नाही. ज्यांनी हे वीस दिवस नीट पार पाडले, त्या सगळ्यांना सहा महिने खरं औषध. तुम्ही दोघेही त्यात बसता. फायदा होईलच असं मी म्हणत नाही. पण मिळेल दोघांना."

जनीने पदर तोंडाला लावला. धोंडूबाई भिंतीवरून वाकून म्हणाली, "जाऊबाई, ऐकलं का?" आणि जनी म्हणाली, "ऐकलं गं." बारा वर्षांत धोंडूबाईने पहिल्यांदाच तिला आपण होऊन हाक मारली होती. गौराबाईच्या पोटात आनंद मावेना. आपण केलं त्याने कोणाचं काय बिघडलं? उलट दोघांचंही झालं.

तेवढ्यात टिपणीसबाईंनी खोकं उघडलं.

"शब्बीर, हा दोरा कसला?"

शब्बीर वाकून बघू लागला. "पयल्यापासून हाय मॅडम. मला वाटलं कंपनीचाच."

"कंपनी बाटल्यांना दोरे बांधत नाही." त्यांनी दुसरं खोकं उघडलं. त्यातही एका आड एक लाल दोरा होता. त्यांनी चष्मा काढला. "कोणीतरी खोकी उघडलीत. बाटल्यांना हात लावलाय. शब्बीर, ही तुझ्या ताब्यात होती. मी तुझ्या शब्दावर ती तुझ्या घरी ठेवली."

"अल्ला कसम मॅडम, मी हात लावला तो फक्त टोचायला!" पोराचा चेहरा उतरला. या कामावर त्याची कर्जतच्या दवाखान्यातली कायम नोकरी ठरणार होती, हे गौराबाईला सफुराने सांगितलं होतं.

गौराबाईने भिवाजीकडे पाहिलं. तो भिंतीला टेकून शांत बसला होता, नुकताच झोपून उठल्यासारखा. गप्प राहिलं तर त्याला सहा महिने औषध. गप्प राहिलं तर धाऊलाही. फक्त सफुराच्या घरातल्या पोराची नोकरी जाईल, आणि बाईंच्या वहीत खोटं लिहिलं जाईल. बोललं तर सगळंच जाईल. तिला माहेरी बसून असं काही ठरवायची वेळ एकदा आली होती, आणि तेव्हा तिने घाई केली होती. आता घाई नव्हती. आता फक्त जीभ उचलत नव्हती.

"त्याला नका बोलू," ती शेवटी म्हणाली. "दोरं मी बांधलं."

तिने सगळं सांगितलं. सफुराच्या घरी कशी गेली, किती बाटल्या हलवल्या, कशा हलवल्या, काहीच लपवलं नाही. सांगताना ती बाईंकडे बघत होती, भावांकडे बघायची तिची छाती नव्हती.

टिपणीसबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, काय केलंत हे! आता कोणाच्या झोपेला काय कारण, ते मी कसं सांगू? हे सगळं ज्या माणसांसाठी चाललंय, त्यांना मी काय उत्तर देऊ? दोघांची नावं मला काढावी लागतील. पुढच्या टप्प्यातूनसुद्धा."

"काढावी लागतील म्हंजे?" धोंडूबाई उठून उभी राहिली. "औषध नाय? वन्सं, तुमी दोघांचाबी गळा कापलात! एकाचं तरी व्हनार व्हतं, आता कोनाचंच नाय!"

"धोंडे, आवाज खाली कर," जनी म्हणाली. सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नुकसान तिचं जास्त होतं. तिचा माणूस घरची वाट विसरला होता. "माझ्या नवऱ्याला निसतं पानी मिळालं असतं तर? तुझ्या नवऱ्याला मिळालं असतं तर? वन्संनी जे केलं ते मी बी केलं असतं. मला सुचलं नाय, एवढंच."

"तुमी तर त्यांचीच बाजू घ्येनार! इहीर मिळाली तुमाला!"

झालं. बारा वर्षांनी विहीर पुन्हा ओटीवर आली. आता धाऊ उठला. तो तसा कमी बोलणारा माणूस, आणि राग आला की त्याहून कमी. भिंतीवर दोन्ही हात टेकून त्याने बहिणीकडे पाहिलं.

"आक्का, खरं सांग. वाटं सारखं घातलंस? का या टायमालाबी दादाला झुकतं?"

त्या "या टायमाला"ने गौराबाईला कापलं.  तिने बाईंच्या पुढ्यातली दोन्ही खोकी उचलली आणि भिंतीवर धाऊसमोर ठेवली. धाऊने एकेक रिकामी बाटली काढली. दोऱ्याच्या एकीकडे, बिनदोऱ्याच्या दुसरीकडे. सात नंबरच्या खोक्यात दोऱ्याच्या दहा. आठ नंबरच्या खोक्यात दोऱ्याच्या दहा. त्याने पुन्हा मोजल्या. 

"धा आन धा," धाऊ म्हणाला.

"आन इहिरीचंबी ऐक," गौराबाई म्हणाली. आता सुटलीच होती, तर सगळंच. "त्या दिशी दादानं उचललं नव्हतं रं. दोनदा इचारलं त्यानं, धाऊ आला का, धाऊ आला का म्हनून. तुझी वाट बघत व्हता. घाई मी केली. पंच खोळंबले म्हनून मी त्याला उचल म्हनले. तुझा हक्क मी खाल्ला, दादानं नाय. बारा वर्सं सांगायची हिंमत झाली नाय मला."

धाऊ तिच्याकडे बघत राहिला. मग त्याची नजर भिवाजीकडे गेली. भिवाजीची आठवण जायला लागल्यापासून तो रोज तिन्हीसांजेला हेच विचारायचा. जनीला वाटायचं जेवायला धाऊ यायचाय असं त्याला वाटतंय. धाऊला भिंतीपलीकडून ऐकू यायचं, आणि दादा वेड्यासारखा आपल्या नावाचा जप करतो म्हणून तो आत निघून जायचा. गौराबाई कळंबला राहणारी, तिने ते कधी ऐकलंच नव्हतं.

टिपणीसबाईंनी पिशवीतून दोन बंद पाकिटं काढली. "नावं निघालीच आहेत," त्या म्हणाल्या, "तर हे उघडायला आता हरकत नाही. निदान तुम्हाला कळायला हवं शरीरात काय गेलं ते." त्यांनी पाकिटं फोडली. "आठ नंबर, मिठाचं पाणी. सात नंबर, औषध."

सात नंबर धाऊचा होता. बहिणीने हात लावला नसता तर वीसच्या वीस त्याच्या होत्या.  गौराबाईने डोळे मिटले. आणखी एकदा तिने धाकट्याचं काढून थोरल्याला दिलं होतं, आणि तेही त्याला न विचारता.

"आणि झोप?" शब्बीरने धीर करून विचारलं. "औषधाच्या दिवशीच लागली का वो?"

बाईंनी दोऱ्यांचा क्रम आणि कार्डं जुळवून पाहिली. बराच वेळ पाहिली. "भिवाजींना औषधाच्या दिवशी चार वेळा, पाण्याच्या दिवशी तीन वेळा. धाऊजींना तीन आणि चार." त्यांनी मान हलवली. "यातून काहीच म्हणता येत नाही. रोज पाच वाजता कोणाशेजारी येऊन बसण्याचाही काही गुण असेल. मला माहीत नाही, आणि माहीत नसताना मी बोलणार नाही. मी झालेली चूक आहे तशी लिहून ठेवते. शब्बीरचा दोष नाही, हेही लिहिते."

त्यांनी वही उघडली.

"बाय," धाऊ म्हणाला. "सात नंबर माझा ना?"

"हो."

"माझ्या नावचा?"

"हो, तुमच्या सहीचा."

"मंग असं लिव्हा. धाऊनं त्याच्यातल्या धा बाटल्या त्याच्या थोरल्या भावाला दिल्या."

"तसं कसं लिहू? तुम्ही दिल्या नाहीत, यांनी हलवल्या."

"वाटं आक्कानं घातलं. घालायचं कामच तिचं हाय." धाऊने दोऱ्याच्या बाटल्यांवर हात ठेवला. "पन उचलायचं काम माझं हाय. आता उचलतो. धा माझ्या, धा दादाच्या. लिव्हा तुमी."

टिपणीसबाईंनी वहीत काहीतरी लिहिलं; काय लिहिलं ते कोणी विचारलं नाही. जनी भिंतीशी येऊन धोंडूबाईच्या पाठीवर हात फिरवत होती. चुलींवर दोन्ही बिरडी करपायला लागली होती आणि त्याचा वास दोघींनाही येत होता.

ऊन उतरलं होतं. भिवाजीने इकडेतिकडे पाहिलं, माणसं बघून जरा गोंधळला, आणि रोजच्यासारखं विचारलं,

"गौरे, धाऊ आला का गं?"

गौराबाईने तोंड उघडलं, पण तिच्या आधी धाऊने एक पाय भिंतीवर टाकला. बासष्ट वर्षांचा माणूस, गुडघा अडला, शब्बीरने हात दिला. तो भिंत ओलांडून अलीकडे उतरला आणि भावाच्या पुढ्यात बसला.

"आलो, दादा," तो म्हणाला. "उचललं मी. आता तू उचल."